'फुटेल कधी?' : मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे गुंते आणि तुमची पत्रं

डोकेदुखी, चक्कर किंवा फिटसाठी केलेल्या एमआरआयमध्ये रक्तवाहिन्यांचे जन्मजात दोष अवचित सापडतात, एवढंच मी गेल्या अंकात दोन परिच्छेदांत लिहिलं होतं. त्यावर आलेल्या जवळपास प्रत्येक पत्रात विचारलंय, 'हे फुटेल का, आणि कधी?' रिपोर्टवर सगळ्यांच्याच 'व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन' लिहिलंय, म्हणून सगळेच सारखे घाबरलेत. पण एकाच्या बाबतीत ही भीती रास्त आहे आणि दुसरीच्या बाबतीत अगदी फुकटची. त्यामुळे पत्रं वेगवेगळी घेते. नावं काढली आहेत, मजकूर थोडा छाटला आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी 29 वर्षांचा आहे. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वार्पिंगवर असतो. श्रावणात कामावरच पहिली फिट आली. शुद्धीवर आलो तर कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती. एमआरआयमध्ये उजवीकडे पुढच्या भागात अडीच सेंटिमीटरचा एव्हीएम (आर्टिरिओव्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे धमन्या-शिरांचा गुंता) निघाला. रक्तस्राव झालेला नाही असं लिहिलंय. गोळी चालू केल्यापासून फिट नाही. एक डॉक्टर म्हणाले, डोक्यात बॉम्ब आहे, लगेच ऑपरेशन करा. दुसरे म्हणाले, हातच लावू नका. मोठा भाऊ म्हणतो, 'घाबरलालास कशाला बे, जन्मापासून आहे की ते.' आई मात्र रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघते. फुटण्याची शक्यता नक्की किती? आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मी दरवर्षी नंदीध्वजाची उंच काठी धरतो, यंदा धरू का?

उत्तर : बॉम्ब म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्या आईची झोप उगीच घालवली. पण भावाचं म्हणणंही पूर्ण पटण्यासारखं नाही.

आधी आत काय आहे ते बघू. हृदयाकडून येणारं रक्त धमन्यांमधून जोरात येतं. केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा जोर मोडतो आणि मग ते शिरांमधून सावकाश परत जातं. एव्हीएममध्ये हे मधलं जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या, त्यांचा एक गुंता झालेला. उजनीहून येणारी मोठी जलवाहिनी मधल्या टाक्या वगळून थेट तुमच्या मोरीतल्या नळाला जोडली, तर नळाचं जे होईल तेच इथे शिरेचं होतं. तिची भिंत पातळ असते. ती दाब सोसत फुगते आणि काही जणांच्या बाबतीत एके दिवशी फाटते. अशा गुंत्यामुळे आसपासचा मेंदूही चिडचिडा होतो, त्यातून फिट येते. एव्हीएम असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तो पहिल्यांदा कळतो तो रक्तस्रावानेच. तुम्हाला फिटने कळला, हे त्या मानाने बरंच झालं.

आता आकडे. कधीच न फुटलेला एव्हीएम वर्षभरात फुटण्याची शक्यता साधारण 1 ते 2 टक्के असते. एकदा फुटलेल्याची त्याहून बरीच जास्त, साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि फुटल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. गुंता मेंदूत खोलवर असेल, त्याचं रक्त फक्त खोलच्या शिरांमध्ये जात असेल किंवा गुंत्याच्या धमनीवर फुगा असेल, तर धोका आणखी वाढतो.

2 टक्के ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण तुम्ही 29 चे आहात. दरवर्षी 2 टक्के धरले तर दहा वर्षांत एकदा तरी फुटण्याची शक्यता 18 टक्क्यांवर जाते आणि 45 वर्षांत 60 टक्क्यांवर. 1 टक्का धरला तर 45 वर्षांचा हिशेब 36 टक्के येतो. हा गुणाकार नाही बरं का. नुसतं 2 गुणिले 45 करून 90 टक्के सांगणारेही मी पाहिलेत. गणित असं करायचं : दरवर्षी न फुटण्याची शक्यता 98 टक्के, ती 45 वेळा एकमेकींनी गुणायची आणि उरलेला धोका काढायचा. यातही गृहीत आहेच की धोका आयुष्यभर सारखा राहतो, आणि ते कुणी 45 वर्षं मोजून सिद्ध केलेलं नाही. तरीही, हाच एव्हीएम 70 वर्षांच्या आजोबांना असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. फुटला तर दहात किमान एक जण दगावतो, आणि कायमचं अधूपण त्याहून जास्त जणांना येतं. त्यामुळे पुढे किती वर्षं आहेत, हा प्रश्न टाळता येत नाही.

दोन डॉक्टरांची दोन मतं का? त्यामागे एक गाजलेला अभ्यास आहे, 'अरुबा'. न फुटलेल्या एव्हीएमच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त औषधं, दुसऱ्याला औषधांबरोबर एव्हीएम काढण्याचे किंवा बंद करण्याचे उपचार. सरासरी 33 महिन्यांनी पाहिलं, तर मृत्यू किंवा स्ट्रोक औषधांच्या गटात 10.1 टक्के आणि उपचारांच्या गटात 30.7 टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. 'हात लावू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मनात हे आकडे असणार आणि ते खोटे नाहीत. पण उपचारांचा धोका पहिल्याच वर्षी भोगावा लागतो, फायदा पुढची तीस-चाळीस वर्षं मिळायचा असतो. तेहेतीस महिन्यांत फायदा कुठून दिसणार? शिवाय त्या गटात उघडून शस्त्रक्रिया झालेले फार थोडे होते, बहुतेकांना नळीतून डिंक सोडणं किंवा किरणोपचार झाले होते. माझ्या मते सोप्या एव्हीएमच्या तरुण रुग्णाला हा अभ्यास जसाच्या तसा लावणं चूक आहे.

सोपा कुठला, हे ठरवायला 1986 मध्ये अमेरिकेतल्या स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी मांडलेली श्रेणी आजही वापरतात. आकार 3 सेंटिमीटरच्या आत असेल तर 1 गुण, 3 ते 6 असेल तर 2, त्याहून मोठा असेल तर 3. बोलणं, हालचाल, दृष्टी अशा मोक्याच्या जागी असेल तर आणखी 1. रक्त खोलच्या शिरांत जात असेल तर आणखी 1. तुमचा अडीच सेंटिमीटरचा आहे आणि पुढच्या भागात. रक्त वरच्या शिरांत जात असेल तर बेरीज 1 येते, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. अशा एव्हीएमच्या शस्त्रक्रियेत अनुभवी हातांत कायमचं अधूपण येण्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत असतं.

म्हणून आधी डीएसए करून घ्या. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत नेतात, डाय सोडतात आणि चालत्या रक्ताचे फोटो घेतात. कुठली धमनी पुरवठा करते, कुठल्या शिरेतून निकास होतो, फुगा आहे का, हे एमआरआयपेक्षा त्यात नीट दिसतं. तो हातात आला आणि श्रेणी खरंच 1 निघाली, तर तुमच्या वयाला मी काढून टाकण्याकडे झुकेन. आजच्या आज नाही. घरात बोलून, दुसरं मत घेऊन, सावकाश. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तोंडावर विचारा, 'असे एव्हीएम तुम्ही किती काढलेत?' चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, भरती झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा.

राहिला नंदीध्वज. अंगमेहनतीने एव्हीएम फुटतो असा ठोस संबंध दिसलेला नाही. पुष्कळदा तो बसल्याजागी किंवा झोपेतही फुटतो. त्यामुळे जिना चढू नको, बादली उचलू नको, असं तुम्हाला घरात बसवून ठेवण्यात अर्थ नाही. पण फिट येऊन अजून वर्षही झालेलं नाही. यात्रेत जागरण होतं, उपास होतो, गोळीची वेळ चुकते, आणि ही तिन्ही फिटला आमंत्रणं. एवढी उंच, जड काठी तोलत चालताना, भोवती खचाखच गर्दी असताना फिट आली, तर तुमच्यासकट आणखी चार जणांची डोकी फुटतील. यंदा बाराबंदीचा पोशाख घाला, मिरवणुकीत चाला, 'हर्र बोला हर्र' म्हणा, काठी भावाला द्या. सिद्धेश्वर महाराज समजून घेतील. वार्पिंग मशीनजवळचं काम, उंचीवरचं काम, मोटारसायकल आणि तलावातलं पोहणं, हेही तुमचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

प्रश्न : माझ्या मुलीचं वय 21, आम्ही बार्शीचे. अर्धशिशीसाठी एमआरआय केला, त्यात 'डेव्हलपमेंटल व्हीनस अनॉमली' आलं. मैत्रीण म्हणाली, मेंदूची शीर वाकडी आहे, बाळंतपणात फुटते. आता स्थळं बघतोय. पाहुण्यांना सांगावं का? ऑपरेशन करून मोकळं व्हावं का?

उत्तर : ऑपरेशन मुळीच नको. ही एक वेगळ्या वळणाने वाढलेली शीर आहे, आणि मेंदूच्या त्या भागाचं अगदी निरोगी रक्त तिच्यातूनच परत जातं. ती काढली तर चांगल्या मेंदूचा निचरा बंद होईल आणि नसलेला आजार उभा राहील. शंभर माणसांचे मेंदू तपासले तर दोन-तीन जणांत ती सापडते. तुमच्या मैत्रिणीलाही असेल कदाचित. इथे दाब धमनीचा नसून शिरेचा असतो, म्हणून रक्तस्राव अतिशय क्वचित होतो. झालाच तर बहुतेकदा शेजारी लपलेल्या कॅव्हर्नोमातून (पातळ भिंतींच्या रक्ताच्या पिशव्यांचा घोस, त्याबद्दल पुढच्या पत्रात). तो शेजारी नाही ना, एवढं रिपोर्टमध्ये एकदा रेडिओलॉजिस्टकडून बघून घ्या. नसेल तर दरवर्षी एमआरआयची गरज नाही, बाळंतपणाला अडसर नाही. अर्धशिशीचा आणि हिचा संबंध जोडू नका, अर्धशिशीचे उपचार वेगळे घ्या.

पाहुण्यांना काय सांगायचं ते मुलीला विचारून ठरवा. मला विचाराल तर, डाव्या गालावर तीळ आहे हे आपण जेवढ्या गंभीरपणे कळवतो तेवढ्याच गंभीरपणे.

प्रश्न : पंढरपूरहून लिहितो. निवृत्त शिक्षक, वय 58. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, ऍस्पिरिन चालू. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तर डाव्या कानामागच्या भागात 9 मिलिमीटरचा कॅव्हर्नोमा. आधी रक्त सांडल्याची खूण नाही. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, रक्त पातळ करणारी गोळी आणि हा आजार म्हणजे आगीत तेल. आठवडा झाला, गोळी बंद केली आहे. मुलांची तपासणी करावी का?

उत्तर : गुरुजी, हे पत्र छापून तुमच्या हाती पडेपर्यंत थांबायला नको म्हणून संपादकांमार्फत निरोप धाडला आहे : तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, गोळी थांबवल्याचं सांगा आणि लगेच पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारा. स्टेंट असताना ऍस्पिरिन अचानक सोडणं हा तुमच्या बाबतीत खरा धोका आहे, डोक्यातल्या ठिपक्यापेक्षा मोठा.

कॅव्हर्नोमा हा एव्हीएमचा भाऊबंद समजला जातो, पण स्वभाव पार वेगळा. तुतीच्या फळासारखा दिसणारा, पातळ भिंतींच्या पिशव्यांचा हा घोस. त्यात रक्त जवळपास साचूनच असतं, धमनीचा दाब नसतो. म्हणून डीएसएमध्ये तो सहसा दिसतही नाही. एमआरआयमध्येच दिसतो, तोही जुन्या रक्ताचं लोह टिपणारी विशेष चित्रं घेतली तर नीट. दर दोनशे लोकांत साधारण एकाला असतो, आणि पुष्कळांना तो आयुष्यभर कळत नाही.

2016 मध्ये सोळाशेहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून पाच वर्षांचा धोका मोजला गेला. मेंदूच्या देठात नसलेला आणि आधी न स्रवलेला, म्हणजे तुमच्यासारखा : पाच वर्षांत 4 टक्क्यांहूनही कमी. देठातला आणि आधी स्रवलेला : सुमारे 31 टक्के. नाव एकच, आकड्यांत आठपट फरक. तुमच्या शेजाऱ्याला कॅव्हर्नोमाने पक्षाघात झाला असेल, तर त्याचा कुठे होता हे विचारल्याशिवाय स्वतःशी तुलना करू नका.

ऍस्पिरिनबद्दल : ते घेणाऱ्या कॅव्हर्नोमाच्या रुग्णांमध्ये रक्तस्राव जास्त होतो का, हे तपासलं गेलंय. 2019 मध्ये छापलेल्या अभ्यासात तसं दिसलं नाही. तेव्हा दुकानदाराचं आगीत तेल त्याच्याकडेच राहू द्या.

तुमचा कॅव्हर्नोमा एकटाच आहे आणि घरात कुणाला फिट किंवा मेंदूतला रक्तस्राव नाही, तर मुलांच्या तपासणीची गरज नाही. एमआरआयमध्ये तीन-चार किंवा जास्त दिसले असते, तर मी घराण्याचा इतिहास खणला असता. आनुवंशिक प्रकारात प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. चक्करचं कारण मात्र हा ठिपका वाटत नाही. कान आणि रक्तदाब तपासा. आणि कधी क्षणभर भान हरपलं, ओळखीच्या जागा अनोळखी वाटल्या, तोंड आपोआप हललं असं घरच्यांनी सांगितलं, तर ती फिट असू शकते. तुमच्या भागातल्या कॅव्हर्नोमाचा त्रास बहुतेकदा फिटच्या रूपात येतो. फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर आठवते का? 1988 च्या सोलमध्ये धावलेली, शंभर मीटरचा 10.49 सेकंदांचा विक्रम जिच्या नावावर आहे ती. 1998 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी ती झोपेत फिट येऊन गेली, आणि शवविच्छेदनात कॅव्हर्नोमा सापडला. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. रक्तस्रावाच्या भीतीत फिटकडे दुर्लक्ष होतं, म्हणून सांगते.

प्रश्न : माझी सून 26 वर्षांची. एव्हीएमसाठी मुंबईत गॅमा नाइफ होऊन सव्वा वर्ष झालं. तिला काही त्रास नाही. आता घरात पाळणा हलावा असं वाटतं. मंगळवेढ्याला सगळे विचारतात.

उत्तर : मंगळवेढ्याला थोडं थांबायला सांगा. गॅमा नाइफमध्ये नावाला सुरी आहे, कापाकापी काही नाही. लार्स लेक्सेल यांनी 1968 मध्ये स्टॉकहोमला पहिलं यंत्र वापरलं, तेव्हापासून तत्त्व तेच : बारीक किरण एका बिंदूवर एकवटायचे. गुंत्यातल्या वाहिन्यांच्या भिंती त्याने हळूहळू जाड होतात आणि आतून बुजतात. याला दोन ते तीन वर्षं लागतात, कधी जास्त. तोवर फुटण्याचा धोका संपलेला नसतो. त्रास नाही याचा अर्थ बुजला असा होत नाही. तो बुजलाय की नाही हे एमआरआय आणि शेवटी डीएसएवरच ठरतं, आणि डीएसएत क्ष-किरण आहेत, म्हणून ती तपासणी गरोदरपणाआधी उरकलेली बरी.

दुसरी गोष्ट तिच्या गोळ्यांची. फिटसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या, बाळात व्यंग येण्याचा धोका त्या औषधाने वाढतो. स्वतःहून बंद मात्र करायची नाही. आणि हे सगळं सुनेलाच समजावून सांगा. पत्र तुम्ही लिहिलंय, तिला काय वाटतं ते त्यात कुठेच नाही.

प्रश्न : विडी घरकुलात राहते. मालक यंत्रमागावर. वय 47. मागच्या महिन्यात काम करता करता डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, उलटी झाली. स्कॅनमध्ये मेंदूत रक्त निघालं. बीपी 210 होतं. आता बरे आहेत, काठीने चालतात. मोठा मुलगा 19 चा आहे. त्याच्या पण डोक्यात गुंता असेल का? एमआरआयला पैसे जमवलालोय.

उत्तर : ताई, ते पैसे राहू द्या. तुमच्या यजमानांना झालं ते बहुधा रक्तवाहिनीच्या जन्मजात गुंत्याने नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब. त्याने मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्या ठिसूळ होतात आणि तिथेच फुटतात. डिस्चार्ज कार्डावर 'बेसल गँग्लिया' किंवा 'थॅलॅमस' लिहिलं असेल आणि 210 बीपी असेल, तर चित्र पुरेसं स्पष्ट आहे. वय चाळिशीच्या आत असतं, बीपी नॉर्मल असतं, किंवा रक्त मेंदूच्या पृष्ठभागाजवळ सापडलं असतं, तर गुंता शोधायलाच हवा होता. तेव्हाही पहिल्या तपासणीत तो सापडेलच असं नाही. साकळलेल्या रक्ताखाली लहान एव्हीएम चेपून जातो, म्हणून काही आठवड्यांनी डीएसए पुन्हा करावा लागतो.

मुलाचं बीपी मात्र मोजा, जवळच्या आरोग्य केंद्रात फुकट होतं. यजमानांच्या गोळ्या रोज, बरं वाटलं तरी रोज, आणि बीपी 130/80 च्या आसपास. तंबाखू बंद. कडक भाकरी खुशाल खावी. शेंगा चटणीत मीठ निम्मं करा, लोणचं-पापड सणापुरतं.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी, गुंता असो वा बीपी. अचानक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, किंवा आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तर 108 ला फोन. सिव्हिल असो वा खासगी, सीटी स्कॅन चोवीस तास होतो अशा जवळच्या रुग्णालयात जा. पुण्याला न्यायचं की नाही ते स्कॅन बघून ठरवा, अडीचशे किलोमीटरचा रस्ता स्कॅनशिवाय कापू नका. घरातली ऍस्पिरिन तोंडात टाकू नका. गुठळीचा स्ट्रोक की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय मलाही कळत नाही. पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. फिट येत असेल तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर तीही 108 चीच वेळ. तोंडात चमचा नको, मुठीत किल्ल्या नकोत, नाकाला कांदा नको. आणि चप्पल पायात घालून रिक्षा थांबवायला रस्त्यावर जा, तिचा तेवढाच उपयोग आहे.